एक प्रिंटर, चार-पाच संगणक: लहान कार्यालयासाठी नेटवर्क जोडणीची सविस्तर पद्धत

पतसंस्था, शाळेचे कार्यालय, कर सल्लागाराची कचेरी किंवा डीटीपीचे दुकान, अशा ठिकाणी चार-पाच संगणक आणि एक प्रिंटर ही मांडणी सर्रास आढळते. बहुतेक वेळा हा प्रिंटर यूएसबी केबलने एकाच संगणकाला जोडलेला असतो, तिथून तो इतरांना 'शेअर' केलेला असतो आणि तो संगणक बंद असला की बाकीच्यांना पेन ड्राइव्ह घेऊन त्या टेबलापाशी जावे लागते. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या सेवेतील) गंभीर त्रुटी उघड झाल्यानंतर मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम एकामागून एक कडक केले, त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेल्या अशा मांडण्या एखाद्या अपडेटनंतर अचानक बंद पडू लागल्या.

प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर तो कोणत्याही संगणकाच्या आधाराने न ठेवता थेट राउटरला जोडावा, त्याचा पत्ता कायमचा नेमून द्यावा आणि प्रत्येक संगणकाला तो पत्ता आपण स्वतः सांगावा. आपोआप शोधून जोडण्याच्या सोयी पहिल्या दिवशी झटपट वाटतात; परंतु 'काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतो' ही तक्रार फार मोठ्या प्रमाणावर त्यांच्यामुळेच येते. पुढील सर्व पायऱ्या विंडोज १०, विंडोज ११ आणि उबंटू अशी सरमिसळ असलेले कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

प्रिंटर कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावे

प्रिंटर फिरवून त्याची मागची बाजू पाहावी. चौकोनी यूएसबी खाचेशेजारी राउटरला असते तशी लॅन केबलची खाच असेल, तर काम सोपे आहे. लॅनची खाच नसून केवळ वायफाय असेल, तरी चालते. दोन्ही नसतील, तर तो निव्वळ यूएसबी प्रिंटर आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

लॅन आणि वायफाय दोन्ही असतील तर लॅनच वापरावी. केबल ओढण्याचा त्रास एकदाच होतो. साधी कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे लहान कार्यालयात अंतराची अडचण येतच नाही. केबल लावल्यावर खाचेजवळचे बारीक दिवे लागले पाहिजेत. ते लागत नसतील तर केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्यातला (क्रिम्पिंगचा) दोष किंवा नेटवर्क स्विचची, म्हणजे अनेक लॅन केबली एकत्र जोडणाऱ्या डबीची, बंद खाच आधी तपासावी, कारण हे दिवे लागल्याशिवाय पुढची कोणतीही खटपट व्यर्थ आहे.

वायफायच वापरायचे असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बरेच प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात, त्यामुळे राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव त्यांच्या यादीत दिसत नाही; याचा अर्थ प्रिंटर बिघडला असा नव्हे. दुसरे म्हणजे, प्रिंटर 'गेस्ट' नेटवर्कला जोडू नये. पाहुण्यांसाठीच्या या वायफायवरील उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची व्यवस्था राउटरमध्येच केलेली असते.

विजेविषयीही इथेच सांगून ठेवतो. लेझर प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, तापताना क्षणात मोठा विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून तो संगणकाच्या लहान यूपीएसवर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा. यूपीएसवर राउटर आणि स्विच असावेत.

पत्ता कसा ठरवावा

नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हे आकडे या लेखात मराठीत छापले असले तरी संगणकात ते इंग्रजी अंकांतच टाकावे लागतात. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाकलेला पत्ता स्वीकारला जात नाही. पत्ते वाटण्याचे काम राउटरमधील डीएचसीपी ही सेवा करते आणि दिलेला पत्ता ठरावीक मुदतीपुरताच असतो. रात्री वीज गेली आणि सकाळी राउटर, संगणक, मोबाइल व प्रिंटर एकदम सुरू झाले, की काही राउटर जुनी वाटणी विसरून नव्याने पत्ते देतात. काल प्रिंटरकडे असलेला पत्ता आज कोणाच्या तरी मोबाइलकडे जातो, संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' उमटते.

प्रिंटरचा सध्याचा पत्ता पाहण्यासाठी त्याच्या मेनूमधील 'रिपोर्ट्स' या भागातून नेटवर्क कॉन्फिगरेशनचे पान छापून घ्यावे. पडदा नसलेल्या लहान प्रिंटरवर एखादे बटण काही सेकंद दाबून धरल्यास हे पान निघते. कोणते बटण, हे प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेले असते. या पानावर चार ओळी पाहायच्या असतात: आयपीव्ही४ ॲड्रेस (म्हणजेच आयपी पत्ता), सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग सगळ्या नेटवर्कला सामाईक, हे सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता) आणि मॅक किंवा हार्डवेअर ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक). पत्त्याच्या जागी नुसती शून्ये असतील तर प्रिंटर नेटवर्कला जोडलेलाच नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरने पत्ता मागितला, पण डीएचसीपीकडून उत्तर आले नाही. तेव्हा त्याने स्वतःच काहीतरी पत्ता घेतला आहे, असे समजावे. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा, आणि संगणकाच्या पत्त्याशी पहिले तीन आकडे जुळणारा पत्ता असेल, तर सर्व ठीक आहे. संगणकाचा पत्ता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा दिल्यास दिसतो.

आता हा पत्ता कायम करायचा. त्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांपैकी पहिला अधिक चांगला. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, म्हणजे त्या पानावरील गेटवेचा आकडा, टाकून राउटरच्या सेटिंगमध्ये प्रवेश करावा आणि लॅन किंवा डीएचसीपीच्या भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' यांपैकी जे नाव असेल ते उघडावे. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा पत्ता यांची जोडी नोंदवावी. लॅन आणि वायफाय यांचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात, म्हणून जी जोडणी वापरणार तिचाच आकडा घ्यावा. यानंतर प्रिंटर बंद करून सुरू केला की त्याला दर वेळी तोच पत्ता मिळतो. प्रिंटरमध्ये काहीच बदलावे लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा आहे.

राउटरमध्ये अशी सोय नसेल, किंवा इंटरनेट कंपनीने राउटरचा पासवर्ड दिलेला नसेल, तर प्रिंटरच्याच मेनूमध्ये जाऊन पत्ता 'मॅन्युअल' करावा लागतो. त्या वेळी राउटर ज्या टप्प्यातले पत्ते आपोआप वाटतो त्या टप्प्याबाहेरचा पत्ता निवडणे आवश्यक आहे. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्यावा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे राउटरचा.

इंटरनेटची कंपनी बदलली की नवा राउटर येतो आणि अनेकदा तो वेगळीच मालिका घेऊन येतो, म्हणजे १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.२९ किंवा १९२.१६८.०. हाताने पत्ता दिलेला प्रिंटर जुन्याच मालिकेत अडकून राहतो आणि सर्व संगणकांवरून एकाच वेळी नाहीसा होतो. अशा वेळी प्रत्येक संगणकावर फेरफार करत बसण्यापेक्षा नव्या राउटरचा लॅन पत्ता बदलून जुनी मालिका परत आणणे सोयीचे असते. इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाकडून ते त्याच वेळी करून घ्यावे. तो गेल्यावर पुन्हा बोलावणे अवघड जाते.

संगणकाला हात लावण्यापूर्वीची परीक्षा

ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलता येण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर, टाकण्याची घाई करू नये. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' (ping) ही आज्ञा देऊन पुढे प्रिंटरचा पत्ता लिहावा. 'रिप्लाय फ्रॉम' अशा ओळी आल्या तर रस्ता मोकळा आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आले तर त्या पत्त्यावर कोणीच नाही, किंवा मध्ये अडथळा आहे. मग तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटरमध्ये स्वतःचे छोटे वेबपान असते. त्यावर प्रिंटरचे मॉडेल आणि टोनरची पातळी दिसते. हे पान दिसले, याचा अर्थ केबल, राउटर आणि पत्ता या तिन्ही गोष्टी निर्दोष आहेत आणि यापुढे काही अडले तर दोष संगणकाकडेच शोधायचा. ही विभागणी आधी केली नाही तर केबल सुटलेली असताना ड्रायव्हर काढून परत टाकण्यात दुपार जाते.

विंडोजवर जोडणी

'सेटिंग्ज' उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे जावे. विंडोज १० मध्ये हा भाग 'डिव्हायसेस' खाली आहे. 'ॲड डिव्हाइस' दाबल्यावर काही क्षणांत प्रिंटरचे नाव यादीत दिसू लागते आणि त्यावर टिचकी मारण्याचा मोह होतो. तो टाळावा. या वाटेने गेल्यास विंडोज अनेकदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे काम पाठवण्याची वाट, तयार करते. त्यात प्रिंटरचा ठरावीक पत्ता नोंदलेला नसतो, संगणक प्रिंटरला नेटवर्कवर हाक मारून शोधत असतो आणि ती हाक एखाद्या फायरवॉलमुळे किंवा वायफायच्या तऱ्हेवाईकपणामुळे पोहोचली नाही की प्रिंटर ऑफलाइन दिसतो.

त्याऐवजी यादीखाली येणाऱ्या 'ॲड मॅन्युअली' या पर्यायावर जाऊन आयपी पत्त्याने किंवा होस्टनेमने प्रिंटर जोडण्याचा पर्याय निवडावा. 'डिव्हाइस टाइप' मध्ये 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' घ्यावे, खाली पत्ता लिहावा आणि पुढे जावे. विंडोज प्रिंटरशी बोलून मॉडेल ओळखते आणि ड्रायव्हर सुचवते. नेमके मॉडेल न सुचवता नुसता 'जेनेरिक' ड्रायव्हर सुचवला, तर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेऊन 'हॅव डिस्क' मधून तो दाखवावा. ड्रायव्हर पुरवणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळांपासून दूर राहावे, कारण तिथे ड्रायव्हरच्या सोबतीने भलतेच सॉफ्टवेअर येते. या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. शेवटी शेअर करायचे का, या प्रश्नाला नकार द्यावा, कारण प्रत्येक संगणक आता प्रिंटरशी स्वतंत्रपणे बोलणार आहे.

चाचणीचे पान निघाल्यावरही आणखी तीन फेरफार करून ठेवावेत. पहिला, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मधील 'पोर्ट्स' या भागात 'कॉन्फिगर पोर्ट' उघडून 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण पाहावी. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करते आणि प्रिंटरने या प्रश्नाला उत्तर दिले नाही तर तो सुरळीत असूनही त्याला ऑफलाइन ठरवते. ब्राउझरमध्ये प्रिंटरचे पान दिसते, पण विंडोज ऑफलाइन म्हणते, अशी स्थिती असेल तर ही खूण काढावी. दुसरा, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही सोय बंद करावी. ती चालू असल्यास शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो, आणि एकदा 'प्रिंट टू पीडीएफ' वापरले की पुढची पावती कागदावर न येता फाइल जतन करण्याची खिडकी उघडते. तिसरा, कागदाचा आकार ए४ करावा. अमेरिकी 'लेटर' आकार तसाच राहिला तर प्रिंटर तो कागद मागत दिवा लुकलुकवत थांबतो आणि नेटवर्क बिघडले, असा समज होतो.

उबंटूवर जोडणी

लिनक्सवर प्रिंटिंगचा कारभार कप्स ही प्रणाली पाहते. ती १९९९ मध्ये आली आणि ॲपलचे मॅकही तीच वापरतात. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणल्यापासून बहुतेक नेटवर्क प्रिंटर आयपीपी या सामाईक भाषेत बोलू लागले, त्यामुळे अलीकडच्या प्रिंटरला उबंटूवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एके काळी लिनक्सवर प्रिंटर जोडणे म्हणजे डोकेदुखी होती. आज नेटवर्क प्रिंटरच्या बाबतीत ते काही वेळा विंडोजपेक्षा सोपे जाते.

'सेटिंग्ज' मधील 'प्रिंटर्स' उघडून 'ॲड प्रिंटर' दाबावे आणि शोधाच्या चौकटीत प्रिंटरचा पत्ता लिहावा. प्रिंटर एकापेक्षा अधिक रूपांत दिसला तर आयपीपीचे रूप निवडावे. जुन्या प्रिंटरला आयपीपी समजत नसेल तर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि पोर्ट ६३१ (localhost:631; इथे पोर्ट म्हणजे पत्त्यावरील दाराचा क्रमांक) टाकून कप्सचे स्वतःचे पान उघडावे, तिथे 'ॲडमिनिस्ट्रेशन' मधून 'ॲपसॉकेट/एचपी जेटडायरेक्ट' हा प्रकार घ्यावा आणि पत्त्यापुढे ९१०० हा पोर्ट द्यावा. नाव जेटडायरेक्ट असले तरी ही पद्धत जवळजवळ सर्व कंपन्यांचे प्रिंटर पाळतात. विंडोजचा टीसीपी/आयपी पोर्टही एरवी याच ९१०० वर कागद पाठवतो.

प्रिंटर निव्वळ यूएसबीचा असेल तर

आपल्याकडे कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे दोन प्रिंटर इतके खपले, की कचेरीत नवा प्रिंटर आणला तरी जुना कोपऱ्यात चालूच असतो. दोन्ही दणकट आहेत, पण दोन्हींना नेटवर्क नाही, आणि पानाची मांडणी करण्याचे बरेचसे काम ते संगणकावर टाकतात. लेझरजेट १०२० तर चालू झाल्यावर आपले फर्मवेअरही (प्रिंटरच्या आत चालणारे मूळ सॉफ्टवेअर) दर वेळी संगणकाकडूनच घेतो. म्हणून बाजारात मिळणारी स्वस्त 'प्रिंट सर्व्हर' डबी किंवा राउटरची यूएसबी खाच अशा प्रिंटरला बहुधा उपयोगी पडत नाही; डबी विकत घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलचे नाव तिच्या यादीत आहे का, ते पाहावे.

मग उरते ते शेअरिंग. ते करायचेच असेल तर नीट करावे. प्रिंटर जोडलेल्या संगणकावर एक साधे स्थानिक खाते पासवर्डासह तयार करावे, नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करावे, संगणक झोपी जाण्याची सोय बंद करावी आणि राउटरमध्ये त्या संगणकाचाही पत्ता राखून ठेवावा. इतर संगणकांवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये ते खाते आणि पासवर्ड नोंदवावा. पासवर्डाविना चालणारे जुने 'गेस्ट' शेअरिंग नव्या विंडोज ११ प्रो मध्ये मुळातच बंद आहे, त्यामुळे त्याच्या मागे लागू नये.

जोडताना '११बी' ने संपणारा एरर क्रमांक आला तर तो सप्टेंबर २०२१ मधील सुरक्षा-अपडेटचा परिणाम असतो. तेव्हापासून शेअर करणारा संगणक सांकेतिक स्वरूपात न आलेली मागणी नाकारतो. यावर रजिस्ट्रीमधील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीतील) एक मूल्य शून्य करण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि त्याने प्रिंटरही सुरू होतो, पण तो उपाय म्हणजे ते संरक्षणच काढून टाकणे होय. आधी सर्व संगणक पूर्ण अपडेट करावेत, कारण एक जुना आणि एक नवा अशा जोडीतच हा प्रश्न मुख्यतः उद्भवतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही या संदर्भात ध्यानात ठेवावे.

पडद्यावर मराठी नीट, कागदावर मोडके

नेटवर्क सुरळीत झाल्यावर मराठी कार्यालयात हमखास येणारी तक्रार ही आहे. पत्रातील 'क्ष', 'र्य', 'ट्र' यांसारखी जोडाक्षरे पडद्यावर बरोबर दिसतात आणि कागदावर वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, किंवा नुसतेच चौकोन येतात. दोष केबलचा नसतो. ड्रायव्हर फाँटची माहिती प्रिंटरकडे ज्या रूपात पाठवतो त्यात असतो. फाइल पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'प्रिंट' च्या खिडकीतील 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' ही खूण करावी. सगळे पान चित्र म्हणून जाते आणि अक्षरे जशीच्या तशी उमटतात. छपाईला थोडा वेळ अधिक लागतो. वर्डमधून थेट छापताना असे होत असेल तर आधी पीडीएफ करून पाहावे, आणि तरीही दोष राहिला तर निर्मात्याकडून त्याच प्रिंटरचा दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर घ्यावा; पान प्रिंटरला समजावून सांगण्याच्या पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या दोन भाषा आहेत, त्यांपैकी पीसीएलऐवजी पोस्टस्क्रिप्ट किंवा त्याउलट.

प्रिंट अडकली तर

रांगेतील एखादे काम 'डिलीटिंग' असे दाखवत तासन्‌तास बसून राहते आणि मागचे सगळे अडते. अशा वेळी 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवावा, सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम३२, स्पूल आणि त्यातील प्रिंटर्स हे फोल्डर उघडून आतल्या फाइली काढून टाकाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर स्वतः काढू नये, फक्त आतल्या फाइली. त्या संगणकाच्या रांगेतील सर्वच कामे यात जातात, म्हणून प्रिंटर तिथून शेअर केलेला असेल तर आधी शेजारच्यांना विचारून घ्यावे. एकाच संगणकावरून प्रिंट जात नसेल तर दोष त्या संगणकाचा. सर्वांवरून जात नसेल तर आधी प्रिंटरकडे जाऊन कागद, झाकण आणि लॅनचे दिवे पाहावेत, मग पत्ता.

दोन कुलपे

प्रिंटरच्या वेबपानाला ॲडमिनचा पासवर्ड असतो आणि तो अनेक ठिकाणी कंपनीने दिलेलाच राहतो किंवा मुळीच ठेवलेला नसतो. तो बदलावा, नाहीतर वायफायवर आलेला कोणीही पत्ता बदलू शकतो किंवा स्कॅन केलेली कागदपत्रे पाठवण्याची यादी पाहू शकतो. त्याचप्रमाणे घरून प्रिंट काढता यावी म्हणून राउटरमधून ९१०० हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नये. त्या पोर्टवर ओळख विचारलीच जात नाही, जो पाठवेल त्याचे पान छापले जाते. घरून छपाईची खरोखर गरज असेल तर व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणारी सुरक्षित खासगी जोडणी, वापरावे. हे सगळे झाल्यावर प्रिंटरचा पत्ता, मॉडेल, ड्रायव्हरचे नाव आणि राउटरमध्ये पत्ता राखून ठेवल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती प्रिंटरच्या कडेला चिकटवावी. पासवर्ड मात्र तिच्यावर लिहू नये. तो कार्यालयाच्या कपाटातील वहीत असावा.